इंग्लंडच्या खेड्यातला पब आणि समुद्रकाठचं हॉटेल: जेवायला जाण्याआधी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की माझ्याकडे फोन यायला सुरुवात होते. मुलाकडे-मुलीकडे इंग्लंडला आलेले आईवडील असतात, नव्याने नोकरीवर आलेली जोडपी असतात, दोन आठवड्यांच्या सहलीवर आलेली मंडळी असतात. लंडनमध्ये वडापावसुद्धा मिळतो, तिथे कुणाचं अडत नाही. गाडी काढून गावाबाहेर पडलं की मात्र जेवायला मुख्यतः दोनच जागा उरतात: खेड्यातला पब आणि समुद्रकाठचं माशांचं हॉटेल. दोन्ही ठिकाणी आपली माणसं दारापर्यंत जातात, आत डोकावतात आणि गाडीत बसून थेपले खातात. मी केंटमध्ये राहते, समुद्र जवळ आहे आणि रत्नागिरीच्या घरात वाढल्यामुळे मासे हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणून हे प्रश्न एकदा नीट लिहून काढले.

पब म्हणजे दारूचा गुत्ताच ना? आईवडिलांना तिथे कसं न्यायचं?

हा पहिला प्रश्न असतो आणि त्यामागचा संकोच मला पूर्ण समजतो. आपल्याकडे 'पब' म्हटलं की मोठ्या आवाजातलं संगीत आणि मध्यरात्र डोळ्यांपुढे येते. इंग्लंडच्या खेड्यातला पब त्यापेक्षा गावच्या चावडीच्या किंवा देवळासमोरच्या पाराच्या जास्त जवळचा आहे. नाव मुळात 'पब्लिक हाऊस', म्हणजे सगळ्यांसाठी उघडं असलेलं घर. दुपारी एक वाजता आत जाऊन पाहा. एका टेबलावर आजी-आजोबा सूप पीत असतात, दुसऱ्यावर चिखलाचे बूट घातलेले फिरस्ते असतात, शेकोटीपुढे कुणाचा तरी कुत्रा झोपलेला असतो. २००७ पासून इंग्लंडमध्ये आत सिगारेट ओढायला बंदी आहे, त्यामुळे धूर नसतो.

नॉर्थ यॉर्कशरमधल्या हडस्वेल या छोट्या गावातला 'जॉर्ज अँड ड्रॅगन' पब बंद पडला, तेव्हा गावकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून २०१० साली तो स्वतः चालू केला. आज त्या इमारतीत पबबरोबर वाचनालय आहे, किराणा दुकान आहे, मागे भाजीचे वाफे आहेत. २०१६ साठीचा देशातला सर्वोत्तम पब म्हणून त्याची निवड झाली. त्याआधी २००३ मध्ये कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी 'ओल्ड क्राउन' सहकारी तत्त्वावर विकत घेतला होता. सहकारी साखर कारखाना आणि दूधसंघ पाहिलेल्या माणसाला यातली भावना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पब गेला तर गावात एकत्र बसायला जागाच राहत नाही, म्हणून लोक त्यासाठी पैसे घालतात.

माझी आई पहिल्यांदा पबात आली तेव्हा पदर घट्ट धरून बसली होती. तासाभराने शेजारच्या टेबलावरच्या बाई तिला आपल्या नातवाचे फोटो दाखवत होत्या. आता इथे आली की ती स्वतःच विचारते, "त्या शेकोटीच्या हॉटेलात कधी जायचं?"

दारू न घेता बसलं तर चालतं का?

अगदी चालतं, कुणी विचारतसुद्धा नाही. चहा आणि कॉफी बहुतेक ठिकाणी मिळते. 'लाइम अँड सोडा' स्वस्त असतो. 'एल्डरफ्लॉवर' नावाचं फुलांचं सरबत एकदा नक्की घ्या, खास इथली चव आहे. साधं नळाचं पाणी मागितलं तर मद्यपरवाना असलेल्या जागेला ते फुकट द्यावं लागतं, २०१० पासून तसा नियम आहे. 'टॅप वॉटर, प्लीज' म्हणायला संकोच नको.

दोन गोष्टींत मात्र आपली माणसं फसतात. 'सायडर' हा सफरचंदाचा रस नाही. इंग्लंडमध्ये सायडर म्हणजे सफरचंद आंबवून केलेली दारू, बिअरइतकीच किंवा तिच्याहून कडक. रस हवा असेल तर 'अ‍ॅपल ज्यूस' असंच म्हणा. आणि 'लेमनेड' म्हणजे आपलं लिंबूसरबत नव्हे, ते फसफसणारं गोड पेय असतं. जिंजर बिअर बहुधा बिनदारूची असते, पण दारू असलेलीही बाजारात आहे, तेव्हा विचारून घ्या.

आत गेल्यावर नेमकं काय करायचं? कुणी टेबलाशी येतच नाही.

बरोबर, बऱ्याच पबांमध्ये येत नाहीत. टेबलावर वीस मिनिटं वाट बघून नाराज होऊन उठलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. पद्धत अशी: रिकामं टेबल पकडा, त्यावरचा नंबर लक्षात ठेवा, एकाने काउंटरवर जा, सगळ्यांचं जेवण आणि पेयं सांगा, पैसे तिथेच द्या. पेयं स्वतः उचलून आणायची, जेवण टेबलावर येतं. दारातच 'इथे थांबा, टेबल दाखवू' अशी पाटी असेल तर तो पब हॉटेलासारखा चालतो, मग थांबायचं.

काउंटरवर रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकाच्या ध्यानात असतं आणि काउंटरमागच्या माणसाच्याही. हात हलवू नका, नोट नाचवू नका, हाक मारू नका. नजरेला नजर मिळाली की तुमचा नंबर लागतो. चुकून तुम्हाला आधी विचारलं तर शेजाऱ्याकडे हात करून 'हे माझ्या आधी आहेत' म्हणा. एवढ्या एका वाक्याने ओळख होते.

जेवण किती वाजता मिळतं?

सगळ्यात जास्त हिरमोड इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. पब उघडा आहे याचा अर्थ स्वयंपाकघर उघडं आहे असा नाही. खेड्यात दुपारचं जेवण साधारण १२ ते २ किंवा २.३०, संध्याकाळचं ६ ते ८.३० किंवा ९. मधल्या वेळात चूल बंद. आपल्याला सुट्टीत दोनला भूक लागते आणि रात्री नऊला जेवायची सवय असते, म्हणजे दोन्ही वेळा नेमक्या चुकतात. रविवारी तर बारापासून 'संडे रोस्ट' (भाजलेलं मांस, बटाटे आणि ग्रेव्हीचं रविवारचं जेवण) संपेपर्यंतच जेवण, आणि संध्याकाळी कित्येक ठिकाणी काहीच नाही. सोमवारी, कधी मंगळवारीही, बरेच पब पूर्ण बंद असतात.

आमचे काका-काकू आले होते तेव्हा दोन तास चालून आम्ही पावणेतीनला एका पबात पोहोचलो. स्वयंपाकघर पंधरा मिनिटांपूर्वी बंद झालं होतं. काकांना मधुमेह आहे. काउंटरवर बटाट्याच्या वेफर्सची पाकिटं आणि शेंगदाणे होते, त्यावर भागवलं, पण काकूंचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी निघण्याआधी फोन करते आणि एकच विचारते, 'शेवटची ऑर्डर किती वाजता?' संकेतस्थळावरच्या वेळांवर विसंबू नका. ऋतू बदलतो तशा वेळा बदलतात आणि पान मात्र जुनंच राहतं.

आधी टेबल सांगून ठेवावं लागतं का?

शनिवारी रात्री, रविवारी दुपारी आणि समुद्रकाठी जुलै-ऑगस्टमध्ये, हो. नामांकित ठिकाणी काही आठवडे आधी. सांगून आला नाहीत तर काही जण कार्डावरून पैसे कापतात. बेत बदलला तर कळवा. पंधरावीस टेबलांच्या हॉटेलात रिकामं राहिलेलं एक टेबलही त्यांना जड जातं.

'फ्री हाऊस' अशी पाटी असते, त्याचा अर्थ काय?

तो पब कुठल्याही बिअर कारखान्याला किंवा पबसाखळीला बांधलेला नाही, हवा तिथून माल घेऊ शकतो. बाकीचे अनेक पब 'टाइड' असतात, म्हणजे मालकी कंपनीची, चालवणारा भाडेकरू, आणि बिअर कंपनीकडूनच घ्यायची. जेवण चांगलं की वाईट हे त्या पाटीवरून ठरत नाही.

आम्ही गोमांस खात नाही. मासे आणि चिप्स घेतले की निर्धास्त ना?

नाही. तुम्हाला हे महत्त्वाचं असेल तर पुढचं लक्षपूर्वक वाचा.

यॉर्कशर आणि उत्तर इंग्लंडच्या पुष्कळ भागांत फिश अँड चिप्स परंपरेने 'बीफ ड्रिपिंग'मध्ये, म्हणजे गाईबैलाच्या चरबीत, तळतात. चव त्यामुळेच येते असं तिथले लोक अभिमानाने सांगतात आणि दुकानावर तसं लिहितातही. मासा आणि बटाटा तेवढा दिसतो, चरबी दिसत नाही. माझ्या सासूबाईंनी अशाच एका किनाऱ्यावरच्या गावात अर्धी प्लेट संपवल्यावर भिंतीवरची पाटी माझ्या लक्षात आली. त्यांना मी खरं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, प्लेट बाजूला ठेवली. चूक पूर्णपणे माझी होती, मी विचारायला हवं होतं. आता मी दारातच विचारते: 'तुम्ही कशात तळता?' दक्षिणेत बहुधा वनस्पती तेल असतं, उत्तरेतही तेलात तळणारी दुकानं आहेत. प्रश्न अगदी नेहमीचा आहे, कुणाला राग येत नाही.

बाकी मेन्यूवरची नावं अशी: 'स्टेक अँड एल पाय' आणि 'कॉटेज पाय' गोमांसाचे, 'शेफर्ड्स पाय' आणि 'लँकशर हॉटपॉट' मेंढीच्या मांसाचे. 'कॉर्निश पेस्टी'ला २०११ पासून युरोपीय भौगोलिक मानांकन आहे आणि त्या नावाखाली विकायची तर आत गोमांस, बटाटा, कांदा आणि 'स्वीड' नावाचा कंद असावा लागतो. भाज्यांची पेस्टी वेगळ्या नावाने मिळते. 'टोड इन द होल'मध्ये बहुधा डुकराच्या मांसाचे सॉसेज. 'ब्लॅक पुडिंग' हे पुडिंग नव्हे, रक्ताचं सॉसेज आहे. 'सुएट' शब्द दिसला तर ती गाईच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. वाफवलेली गोड पुडिंगं आणि डंपलिंग पूर्वापार त्यात करतात, आता वनस्पतीजन्य सुएटही वापरतात, म्हणून विचारावं.

पूर्ण शाकाहारी माणसाने काय खायचं?

परिस्थिती पूर्वीपेक्षा खूपच बरी आहे. मेन्यूवर 'व्ही' म्हणजे शाकाहारी, 'व्हीई' किंवा 'व्हीजी' म्हणजे दूधही नसलेलं. पण इथल्या शाकाहारात अंडं धरलेलं आहे, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा. रविवारच्या रोस्टबरोबरच्या फुगीर 'यॉर्कशर पुडिंग'मध्ये अंडं असतंच, शिवाय ते चरबीत भाजलेलं असू शकतं. भाजलेले बटाटे कधी बदकाच्या चरबीत असतात. ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते. रोस्ट 'व्ही' घ्यायचा असेल तर 'नट रोस्ट' मागा आणि बटाटे, पुडिंग, ग्रेव्ही या तिन्हींबद्दल वेगवेगळं विचारा. 'वूस्टर सॉस'मध्ये अँचोव्ही मासा असतो, आणि तो चीज-पावावरच्या 'वेल्श रॅरबिट'मध्ये घालतात.

माझी पहिली शिफारस 'प्लाउमन्स लंच', म्हणजे नांगरणाऱ्याचं जेवण. जाड पाव, चेडरचा मोठा तुकडा, कच्चा किंवा व्हिनेगरमधला कांदा, सफरचंद आणि आंबटगोड काळपट लोणचं. मांसाचा तुकडा नको म्हणून सांगा. नाव पुरातन वाटलं तरी हा पदार्थ १९५० च्या दशकात चीज उत्पादकांच्या संस्थेने प्रचार करून लोकप्रिय केला. भाकरी, कांदा आणि ठेचा बांधावर बसून खाल्लेल्या माणसाला यातला बेत लगेच कळतो. दुसरा भरवशाचा पदार्थ म्हणजे 'जॅकेट पोटॅटो', सालीसकट भाजलेला मोठा बटाटा, वर लोणी आणि चीज.

गोडात 'स्टिकी टॉफी पुडिंग' खजूर घालून केलेलं असतं, अंडं चालत असेल तर सोडू नका.

जैन मंडळींसाठी कांदा-लसूण-कंद सोडून मेन्यूत फार थोडं उरतं. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर लहान पब स्वतंत्र काही करून देतात, ऐन वेळी शक्य होत नाही. शेंगदाण्याची किंवा इतर अ‍ॅलर्जी असेल तर कायद्याने १४ ठरावीक पदार्थांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते, बिनधास्त मागा.

सगळं सपक लागतं. तिखटाचं काय?

इंग्लिश मस्टर्ड मागा. अमेरिकन पिवळं मस्टर्ड नव्हे, इंग्लिश. नॉरिचजवळ १८१४ साली सुरू झालेल्या कोलमन्सचं असतं बहुतेक. ताज्या मोहरीच्या फेसासारखं थेट नाकात जातं. 'हॉर्सरॅडिश' नावाच्या मुळाची चटणीही तशीच झणझणीत. माशावर मात्र एवढं तिखट घालू नये असं माझं मत आहे, त्याचं कारण पुढे येतंय.

समुद्रकाठी कुठला मासा मागवावा? सुरमई, पापलेट तर दिसत नाही.

आता माझ्या आवडीच्या विषयावर आलो.

मेन्यू बंद करून भिंतीवरचा खडूने लिहिलेला फळा बघा. छापील मेन्यू वर्षभर तोच असतो, फळा रोज पुसतात. आणि विचारा: 'आज होडीवरून काय आलं?' बाजारात कोळणीपुढे उभं राहून कल्ले उचलून बघणारी माणसं आपण. हॉटेलात मात्र इंग्रजीत विचारायचं म्हणून गप्प बसतो आणि गोठवलेला कॉड खाऊन येतो. मासा कळणाऱ्या गिऱ्हाईकाशी बोलायला इथल्या चांगल्या हॉटेलवाल्यांना मनापासून आवडतं. माझ्या गावातला एक आचारी मला आतून मासा आणून दाखवतो, कारण पहिल्या भेटीत मी त्याला माशाच्या डोळ्यांबद्दल विचारलं होतं.

आपल्या माशांच्या नात्याने सांगायचं तर असं. 'मॅकरेल' हा बांगड्याच्याच कुळातला, अंगाने जास्त तेलकट. उन्हाळ्यात कॉर्नवॉलला गळाने पकडलेला, नुसता निखाऱ्यावर भाजलेला मिळाला तर दुसरं काही मागवू नका. 'प्लेस', 'लेमन सोल' आणि महागडा 'डोव्हर सोल' हे चपटे मासे, आपल्या लेप्याच्या जवळचे. काट्यासकट अख्खे मागवा, गोडी काट्याजवळ असते. 'कॉर्निश सार्डिन' म्हणजे तारली-पेडव्यांचे भाऊबंद. 'स्केट विंग' हा पाकटाचा पंख, करपवलेल्या लोण्यात केपरबरोबर देतात. 'व्हाइटबेट' म्हणजे बोटाएवढे मासे डोक्यासकट कुरकुरीत तळलेले, मांदेलीची आठवण येते. 'सी बास' जिताड्याच्या चवीकडे झुकतो.

मुशी खाणाऱ्यांनी केंट-ससेक्समध्ये 'रॉक' किंवा 'हस' विचारावा. तो लहान जातीच्या शार्कचा असतो, मधे एकच कूर्चा, बारीक काटे नाहीत. मुलांना द्यायलाही सोपा. कित्येक वर्षं मी तो कुठलातरी दगडातला मासा समजून टाळत होते, आणि घरी मोरीचं कालवण आठवून हळहळत होते.

शिंपल्यांमध्ये 'मसल्स' वाडगाभर येतात, रश्श्यासकट. पाव बुडवून खायचा तो रस्साच. एसेक्समधल्या ली-ऑन-सीला 'कॉकल' उकडून व्हिनेगर-मिरपूड घालून मिळतात, तिसऱ्या आवडणाऱ्यांना ते आवडतील. मोरकंब खाडीच्या बारीक तपकिरी कोळंब्या जायपत्री घातलेल्या लोण्यात मुरवून देतात, त्यांना 'पॉटेड श्रिंप' म्हणतात. गरम टोस्टवर लोणी वितळतं आणि जायपत्रीचा वास येतो तेव्हा मला श्रीखंड आठवतं. 'स्कँपी' म्हणजे शेवंडीच्या कुळातल्या छोट्या लँगुस्टीनच्या शेपट्या, पावाचा चुरा लावून तळलेल्या. नॉर्फकचं क्रोमर हे चिंबोरीचं गाव. तिथे 'ड्रेस्ड क्रॅब' मागा: पांढरं आणि तपकिरी मांस सोलून, साफ करून परत कवचात भरून देतात. आपल्याकडे नांग्या फोडण्यातच अर्धं जेवण असतं, त्यामुळे पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं, पण मांसाची गोडी अस्सल आहे. बरोबर 'सँफायर' नावाची खाजणातली खारी हिरवी काडी आली तर ती शाकाहारी माणसानेही चाखावी.

पण मसाला नाही, आंबट नाही. असा मासा जातो कसा?

थंड पाण्यातला मासा मुळात सौम्य आणि गोडसर. इथली पद्धत त्याला जवळजवळ एकटा सोडायची आहे: लोणी, लिंबू, मीठ. आमसूल आणि तिरफळाची सवय असलेल्या जिभेला पहिले दोन घास रिते वाटतात. तिसऱ्या-चौथ्या घासाला मासा स्वतः काय आहे ते लागायला सुरुवात होते. म्हणून माझी विनंती आहे, आधी बिनमस्टर्ड, बिनसॉस खाऊन बघा. मासा अतिशिजलेला असेल, कापसासारखा झाला असेल, तर मात्र तो स्वयंपाकघराचा दोष. नम्रपणे सांगितलं तर बदलून देतात.

कालवं खरंच कच्ची खातात?

हो, जिवंत उघडून, लिंबू पिळून. केंटमधलं व्हिट्स्टेबल त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथलं गुलाबी रंगाचं 'व्हीलर्स ऑयस्टर बार' १८५६ पासून आहे. देशी कालवं सप्टेंबर ते एप्रिल याच काळात मिळतात, उन्हाळ्यात त्यांचा विणीचा हंगाम असतो. पॅसिफिक जातीची वर्षभर मिळतात. कच्चं नको असेल तर भाजलेली किंवा तळलेली विचारा. गर्भवतींनी, वृद्धांनी आणि तब्येत नाजूक असलेल्यांनी कच्ची कालवं टाळावीत.

फिश अँड चिप्स हॉटेलात बसून खावे की बाहेर घेऊन?

घेऊन, धक्क्यावर बसून. पुठ्ठ्याच्या डब्यात घाम सुटतो आणि आवरण मऊ पडतं, कागदातले लगेच खा. सीगल पक्षी हातातून चिप्स पळवतात. भिंतीला पाठ लावून बसा आणि लहान मुलाच्या हातात डबा देऊ नका. वर मॉल्ट व्हिनेगर शिंपडायचं. उत्तरेत 'स्क्रॅप्स' मागितले तर कढईतला पिठाचा चुरा मिळतो, आपल्या भज्यांच्या चुऱ्यासारखा.

तळलेला मासा इथे स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या ज्यू लोकांनी आणला, असं मानतात. चिप्सबरोबर तो विकणारं पहिलं दुकान लंडनमधलं १८६० च्या सुमाराचं की लँकशरमधलं १८६३ चं, हा वाद चालूच आहे. दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ सगळ्या अन्नावर रेशन होतं, पण फिश अँड चिप्सवर सरकारने ते कधीच लावलं नाही.

मुलांना पबात नेता येतं का?

मोठ्यांबरोबर जेवायला, बहुतेक ठिकाणी हो. काही पब रात्री आठ-नऊनंतर मुलांना थांबू देत नाहीत. दारू विकत घ्यायला १८ वर्षं पूर्ण हवीत. पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतात, त्यात अपमान मानू नका.

गाडी चालवणाऱ्याने एक ग्लास घेतला तर?

घेऊ नका. इंग्लंड-वेल्समध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा बरीच वर्षं होती आणि स्कॉटलंडने २०१४ मध्ये ती ५० वर आणली, पण किती प्यायल्यावर ती ओलांडली जाते हे माणसागणिक बदलतं. बिअरचा एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. गावाकडचे रस्ते एका गाडीपुरते, दोन्हीकडे उंच कुंपण आणि रात्री दिवा नाही.

टिप किती द्यायची?

काउंटरवर ऑर्डर दिली तर काहीच नाही. टेबलावर सेवा झाली तर १० टक्क्यांच्या आसपास. बिलात 'सर्व्हिस चार्ज' आधीच लावला असेल तर वेगळी देऊ नका. तो ऐच्छिक लिहिला असेल आणि सेवा वाईट झाली असेल तर काढायला सांगता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये टिपचे सगळे पैसे कर्मचाऱ्यांना देणं मालकावर बंधनकारक आहे.

आपण गेलो तर लोक वेगळ्या नजरेने बघतात का?

हा प्रश्न सहसा शेवटी आणि हळू आवाजात विचारला जातो. खरं उत्तर देते. अगदी आडगावच्या पबात शिरताना दोन-चार माना वळतात. बहुतेकदा ती उत्सुकता असते, 'गुड आफ्टरनून' म्हटलं की संपते. मला इतक्या वर्षांत एकदाच कुणी लागेल असं बोललं, आणि तेव्हा काउंटरमागच्या बाईंनी त्या माणसाला बाहेर काढलं.

पण हे नेहमी असं नव्हतं. १९६० च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये कारखान्यांत राबणाऱ्या भारतीय कामगारांना काही पबांमध्ये सरळ नाकारलं जायचं, किंवा ठरावीक खोलीतच बसवलं जायचं. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये, हत्येच्या नऊ दिवस आधी, अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला येऊन गेले. त्याच वर्षी आलेल्या रेस रिलेशन्स अ‍ॅक्टने सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदा ठरवला. पुढे त्याच भागात पंजाबी लोकांनी बंद पडत चाललेले पब घेतले, एका बाजूला बिअर आणि दुसऱ्या बाजूला तंदूर लावला. त्यांना आज 'देसी पब' म्हणतात आणि गोरे, काळे, आपले सगळे तिथे एकत्र जेवतात. बर्मिंगहॅमकडे गेलात तर एका देसी पबात जरूर जा. तिथला मिक्स्ड ग्रिल खाताना, ज्यांना दारातून परत पाठवलं होतं त्यांच्यामुळे आपण आज कुठेही सहज बसतो, हे मुलांना सांगा.

नावाजलेली ठिकाणं सांगा ना.

पबात नीट जेवण देण्याची लाट १९९१ साली लंडनच्या फॅरिंग्डनमधल्या 'द ईगल'पासून सुरू झाली असं मानतात. मार्लोमधला शेफ टॉम केरिज यांचा 'हँड अँड फ्लॉवर्स' हा मिशेलिन या हॉटेलांना दर्जा देणाऱ्या गाइडचे दोन तारे मिळवणारा पहिला पब, २०१२ च्या गाइडमध्ये. व्हिट्स्टेबलजवळच्या सीसॉल्टरला समुद्रबांधाला लागून 'द स्पोर्ट्समन' आहे. बाहेरून साधा, आत समुद्राच्या पाण्यापासून स्वतः मीठ करणारं स्वयंपाकघर. २००८ मध्ये त्याला तारा मिळाला. कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टोला शेफ रिक स्टाइन यांनी १९७५ मध्ये 'द सीफूड रेस्टॉरंट' उघडलं आणि त्या बंदराचं रूपच पालटलं.

हे सगळे महाग आहेत. मला जास्त प्रिय आहे तो डॉर्सेटमधल्या वर्थ मॅट्रॅव्हर्सचा 'स्क्वेअर अँड कंपास'. तिथे मोठा मेन्यूच नाही. खिडकीतून पेस्टी आणि सायडर देतात, शेजारच्या खोलीत जीवाश्मांचं छोटं संग्रहालय आहे, आणि बाहेर दगडी बाकांवर बसलं की समोर समुद्र.

हिवाळ्यात गेलं तर?

समुद्रकाठची लहान हॉटेलं नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुष्कळदा बंद असतात. खेड्यातले पब मात्र हिवाळ्यातच खरे खुलतात, शेकोटीमुळे. यॉर्कशरच्या माळरानावर १७३२ फुटांवर 'टॅन हिल इन' आहे, ब्रिटनमधला सगळ्यात उंचावरचा पब. नोव्हेंबर २०२१ मध्ये वादळात बर्फाने रस्ते बंद झाले आणि साठेक पाहुणे तिथे तीन रात्री अडकले. निघताना त्यातल्या काहींना वाईट वाटत होतं.

आणखी काही बघून निघायचं?

भरती-ओहोटी. नॉर्थंबरलँडच्या लिंडिसफार्न बेटावर पब आहेत, क्रॅस्टरच्या धुरी दिलेल्या हेरिंगांचं गावही तिथून फार लांब नाही, म्हणून सहलीत दोन्ही ठेवतात. पण बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळांचं वेळापत्रक तिथली स्थानिक परिषद प्रसिद्ध करते आणि दर वर्षी कुणीतरी 'पाच मिनिटांनी काय होतंय' म्हणून गाडी घालतं आणि तिच्यातून सुटका करून घ्यावी लागते. जेवण मागवण्याआधी परतीची वेळ बघा. उशीर झाला असेल तर मागवू नका. पाणी ओसरेपर्यंत बेटावरच थांबायचं असेल तर निवांत मागवा.